सातवी ब, हजेरी क्रमांक १७: दीर्घ विलगीकरणातल्या विद्यार्थ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा ॲप्लास्टिक ॲनिमियामुळे जवळजवळ वर्षभर वर्गाबाहेर होता. त्यातले ३४ दिवस त्याने मुंबईतल्या रुग्णालयाच्या एका बंद खोलीत काढले. मी त्याची वर्गशिक्षिका. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. त्या वर्षात पालकांनी, सहकाऱ्यांनी, खुद्द मुलांनी आणि पुढे इतर शाळांतल्या शिक्षकांनी फोनवर जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. मी डॉक्टर नाही. औषध, पथ्य आणि लसींबाबत शेवटचा शब्द त्या त्या मुलाच्या डॉक्टरांचाच.

त्याला नेमकं काय झालं होतं? ब्लड कॅन्सर ना?

नाही. गावात आठवड्याभरात ते नाव पसरलं होतं, पण ॲप्लास्टिक ॲनिमिया हा कॅन्सर नव्हे. हाडांच्या आतली अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, रक्त तयार करायचं जवळपास थांबवते. तांबड्या पेशी कमी पडल्या की दम लागतो, प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं आणि पांढऱ्या पेशी संपल्या की साधा संसर्गही जिवावर बेततो. आमच्या लक्षात आलं ते त्याच्या पायांवरच्या निळ्या डागांवरून. आम्हाला वाटलं कबड्डीत लागलं असेल.

शाळेने इथे एक काम पहिल्याच दिवशी करावं. आईवडिलांना विचारून एकच वाक्य ठरवावं आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी तेच सांगावं. आमचं वाक्य होतं, 'त्याच्या शरीरात रक्त कमी तयार होतंय, मुंबईत उपचार चालू आहेत, आणि हा आजार कुणाला लागत नाही.' यापलीकडे जे काही आहे ते त्या कुटुंबाचं आहे.

मग लागत नाही तर त्याला कोंडून का ठेवतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला. उत्तर उलट्या बाजूने समजून घ्यावं लागतं: त्याच्यापासून आपल्याला धोका नसतो, आपल्यापासून त्याला असतो.

त्याच्यावर मुंबईत बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे निरोगी दात्याची मज्जा देण्याचा उपचार, झाला. त्याआधी रुग्णाला तीव्र औषधं देतात, म्हणजे जुनी मज्जा आणि तिच्यावर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती दोन्ही बाजूला होतात. मग दात्याच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून चढवतात. त्यात ऑपरेशन काही नसतं, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच चकित झाले होते. त्या पेशी आपणहून हाडांपर्यंत पोचतात, रुजतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात. मधल्या काळात संसर्गाशी लढायला शरीरात जवळजवळ कुणी नसतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसात दर मायक्रोलिटर रक्तात दीड हजारांच्या वर असतात, इथे त्या शून्यावर येतात. सलग तीन दिवस आकडा ५०० च्या वर राहिला की पेशी रुजल्या असं मानतात. रुग्णालयात सगळे याला 'काउंट' म्हणतात. काउंट पडले, काउंट आले. आमच्या वर्गातली मुलंही पुढे तसंच बोलायला लागली, क्रिकेटच्या स्कोअरसारखं.

खोलीतली हवा हेपा फिल्टरमधून गाळून येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. सोबत एकच माणूस. आमच्या मुलासोबत आई होती. बाबा काचेपलीकडून हात करत.

किती दिवस चालतं हे?

खोलीतला मुक्काम बहुधा चार ते सहा आठवडे. पण तिथून सुटका म्हणजे घर नव्हे. प्रत्यारोपणानंतरचे पहिले साधारण १०० दिवस रुग्णालयाच्या जवळच राहावं लागतं, कारण तपासण्या सारख्या असतात आणि ताप आला तर तासाभरात पोचायला हवं. शाळेत परतायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून नियोजन करायचं ते पाचव्या महिन्याचं. पहिल्या आठवड्याला काही लागत नाही, तेव्हा अख्खं गाव धावून येतं.

आम्ही भेटायला जाऊ का? काचेतून तरी?

नको. गाडी करून बाराजण मुंबईला गेले की त्या आईबापाला बारा माणसांच्या चहाची काळजी लागते.

काही पाठवायचं असेल तर काय पाठवावं?

आधी काय पाठवू नये ते सांगते. फुलं आणि रोपं नकोत, कारण माती आणि फुलदाणीतल्या पाण्यात बुरशी असते. केसाळ खेळणी नकोत. बाहेरचा खाऊ, फळांच्या फोडी, पेढे नकोत. त्याला ताजं शिजवलेलं गरम अन्नच चालत होतं.

आणि अंगारा, तीर्थ, पंचामृत. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण पाठवणाऱ्यांचा जीव त्यात होता. एका आजींनी चार देवळं फिरून पुड्या गोळा केल्या होत्या. त्यांना नाही म्हणायचं मला धाडस झालं नाही. मुलाच्या आजोबांनी तोडगा काढला: पुड्या घरच्या देवघरात ठेवायच्या आणि अंगारा त्याच्या फोटोला लावायचा. आजींचं समाधान झालं. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर शास्त्र शिकवत बसू नका, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मधे घाला.

पाठवायचंच तर पुसता येईल असं पाठवा. लॅमिनेट केलेली चित्रं, वर्गाचा फोटो, प्लास्टिकच्या सोंगट्या. नवी कोरी पुस्तकं काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाही, तेव्हा आधी तिथल्या सिस्टरना विचारून घ्या. आमची सगळ्यात उपयोगी पडलेली भेट म्हणजे मोबाइलचं रिचार्ज आणि लांब वायरचा चार्जर.

मुलांनी शुभेच्छापत्रं करावीत का?

आम्ही केली. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस पत्रं, प्रत्येकात 'लवकर बरा हो' आणि खाली गुलाब. मी त्यांचे फोटो एका दमात पाठवले आणि मलाच छान वाटलं. दोन दिवसांनी त्याच्या आईने हळूच सांगितलं, 'बाई, तो म्हणतो सगळ्यांनी बघून लिहिलंय.'

बरोबर होतं त्याचं. फळ्यावर नमुना मीच लिहून दिला होता.

त्याला हवं होतं ते वेगळंच. मधल्या सुट्टीत कुणाचं भांडण झालं, खिचडीत पुन्हा मीठ जास्त पडलं का, गणिताच्या सरांनी कुणाला उभं केलं, त्याच्या जागेवर कोण बसलं. म्हणून मुलांना सांगितलं, बरं व्हायचं नाव काढायचं नाही, आज काय झालं एवढंच सांगायचं. रोज दोघांची पाळी, दीड मिनिटाचा आवाजी निरोप. शाळेत मोबाइल आणायला बंदी, म्हणून माझ्या फोनवरून. पहिल्या निरोपात एकाने पंधरा सेकंद नुसतं हसूनच काढली.

पण मुलगा नुसतं ऐकत राहिला तर तो पाहुणाच राहतो. त्याच्याकडे काम हवं. आमच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या असा क्रम असतो. दिनविशेष आम्ही त्याला दिला. आदल्या रात्री तो रेकॉर्ड करून पाठवायचा, सकाळी आम्ही फोन माइकला लावायचो. आवाज फाटका यायचा, मागे मशिनचं टीं टीं. पहिल्या दिवशी अख्खं मैदान चिडीचूप होतं, चौथ्या दिवशी मागच्या रांगा नेहमीसारख्या कुजबुजायला लागल्या. मला हायसं वाटलं. एकदा त्याने तारीख चुकवली तर पाचवीतल्या एका मुलीने मधेच हात वर करून दुरुस्ती सांगितली, आणि संध्याकाळी त्याचा रागावलेला निरोप आला की पुस्तकातच तसं दिलंय. महिनाभरात तो पहिल्यांदा भांडला होता.

तो फोनच उचलत नाही. रागावलाय का?

बहुधा तोंड आलेलं असतं. त्या औषधांनी तोंडापासून घशापर्यंत फोड येतात, थुंकी गिळतानाही कळ येते. शिवाय मळमळ, ताप, स्टेरॉइडने होणारी चिडचिड. आमच्या मुलाचा दिनविशेष सलग नऊ दिवस आला नाही. ते काम आम्ही दुसऱ्या कुणाला दिलं नाही. निवेदिका म्हणायची, 'दिनविशेष आज नाही,' आणि पुढे बातम्या. निरोप मात्र रोज जात राहिले. ऐकायला तोंड लागत नाही.

व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका. केस गेलेले, चेहरा सुजलेला, नाकात नळी. आपण कसे दिसतो हे बाराव्या वर्षी फार मोठं असतं. आणि फोन करणारा माणूस शाळेकडून एकच असावा. त्या आईला दिवसात तीस वेळा तीच हकीकत सांगावी लागते, त्यात आपली भर नको.

हजेरीपटावरून नाव कमी होईल का? दाखला काढावा लागेल?

दाखला काढू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'एवढी गैरहजेरी झाली, दाखला घेऊन जा' असं कुणी सुचवलं तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हजेरीपटावर खोटी उपस्थिती मांडायची नाही. तो गैरहजर असतो, तसंच लिहायचं. पण नाव पुकारायचं. मी पहिले काही दिवस सतरा नंबर गाळून पुढे जात होते, उगाच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. अठरा नंबरच्या मुलाने विचारलं, 'बाई, त्याचा नंबर मला दिला का?' त्या दिवसापासून पुकारू लागले. नाव आलं की वर्ग एका सुरात म्हणायचा, 'मुंबईला!'

अभ्यासाचं काय? वर्ष वाया जाईल?

खोलीत असताना अभ्यास विसरा. नंतर, शंभर दिवसांच्या मुक्कामात, दिवसाला वीस मिनिटं पुरे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात आणि छापील पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, त्यामुळे दप्तर पाठवायची गरज नाही. गणित आधी घ्या, कारण तिथे एक पायरी सुटली की पुढचं कोसळतं. इतिहास तो झोपून ऐकू शकतो. आकारिक मूल्यमापन तोंडी घेता येतं.

राज्यात २०२३ मध्ये नियम बदलले, आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते आणि त्यात मागे पडलं तर पुन्हा परीक्षा. आमचा मुलगा परतला तो थेट आठवीत, म्हणून हे मला पाठ आहे. दहावी-बारावीला ७५ टक्के उपस्थितीची अट असते. गंभीर आजारात सवलत मिळू शकते, पण प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत जावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. थॅलेसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलिया हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात, त्या मुलांच्या पालकांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

मुंबईत कॅन्सरच्या मुलांसाठी बऱ्या सोयी आहेत. टाटा रुग्णालयाच्या परिसरात अशा मुलांसाठी 'कॅनशाळा' चालते, आणि सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत मूल आणि आईवडील मोफत राहू शकतात. रुग्ण आणि नातेवाइकांच्या राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही नावं तर आपल्याकडच्या कित्येक घरांना तोंडपाठ आहेत.

त्याच्या बहिणीबद्दल कुणी काहीच का विचारत नाही?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारायला हवा होता, म्हणून मीच घालते.

ती आमच्याच शाळेत नववीत होती. सख्ख्या भावंडाशी मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिची जुळली. भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, काही दिवस कंबर दुखली आणि दहा दिवसांत ती गावी परत आली, काकूंकडे राहायला. आईबाबा दोघेही मुंबईत. शाळेत जो भेटेल तो तिला विचारायचा, 'कसा आहे गं तो?' दिवसातून वीस वेळा. ती कशी आहे हे कुणी विचारलं नाही. सहामाहीत तिचे गुण घसरले तेव्हा शिक्षकांनी तिला समोर उभं करून 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं ऐकवलं. त्या शिक्षकांत मीही होते.

नंतर तिने एका मैत्रिणीला सांगितलं की तिला एकाच गोष्टीची भीती वाटते: 'माझं रक्त त्याला नाही चाललं तर?' दात्या भावंडाच्या डोक्यात हे असतं. नव्या पेशी रुजल्या नाहीत, त्रास झाला, तर दोष आपला. तिला कुणीतरी डॉक्टरांशी थेट बोलू द्यावं. आम्ही एवढंच केलं की तिला भावाची खबर विचारायची नाही असा स्टाफरूममध्ये नियम केला, डब्याची सोय तिच्या मैत्रिणीच्या आईने घेतली आणि रविवारी ती नेटबॉलच्या सरावाला पुन्हा जाऊ लागली.

रक्तदान करू शकतो का?

हो, पण जवळच्या नातेवाइकांनी त्याच्यासाठी रक्त देऊ नये. प्रत्यारोपणाआधी नात्यातलं रक्त चढलं तर पुढे मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. गावातल्या शिबिराचं रक्तही थेट त्याच्यापर्यंत पोचत नाही. प्लेटलेट तर साठवल्यावर जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून दाते मुंबईतच हवेत. आमच्या भागातले पुष्कळ लोक वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला, आणि रात्रीच्या पाळीनंतर न झोपता माणसं रक्तपेढीत हजर झाली. मशिनवर प्लेटलेट द्यायला तासदीड तास लागतो. दात्याचे स्वतःचे प्लेटलेट दीड लाखाच्या वर हवेत आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको.

पैसे गोळा करावेत का?

करा, पण मुलांच्या हातात डबा देऊन नव्हे, आणि देणगीदारांची यादी फळ्यावर लावून तर मुळीच नव्हे. आधी योजना बघा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री साहाय्यता निधी. थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाला कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या बालसेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मिळतात, ती पुढे ॲप्लास्टिक ॲनिमियालाही लागू झाली. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना सगळं ठाऊक असतं. मुलाचा टक्कल असलेला फोटो आवाहनात वापरू नका. तो फोटो पुढची दहा वर्षं लोकांच्या फोनमध्ये राहील.

वर्गात एकाने विचारलं, 'तो मरणार आहे का?' काय सांगू?

'असं बोलू नये' म्हणू नका. 'काही होणार नाही' असंही म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. मी म्हणाले, आजार मोठा आहे, उपचार चांगले आहेत, ते लागू पडावेत म्हणून डॉक्टर झटतायत, आणि जे कळेल ते मी तुम्हाला खरं सांगेन. त्यावर प्रश्न विचारणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारला: 'मग त्याच्या सायकलला हवा मारून ठेवू का?'

सुरुवातीचा उत्साह ओसरला. आता?

ओसरतोच. आमच्याकडे ऑक्टोबरात निरोप पाठवायला मुलं सापडेनात. रागावून उपयोग नव्हता. दिवाळीचा किल्ला तेवढा कामी आला.

मुलाला माती वर्ज्य होती. भाड्याच्या खोलीत बसून त्याने कागदावर नकाशा काढला आणि फोटो पाठवला. आम्हाला वाटलं अजिंक्यतारा नाहीतर प्रतापगड असेल. त्याने निवडला वासोटा. कोयनेच्या जंगलातला, शिवकाळात कैदी ठेवायला वापरलेला. 'मी आत आहे म्हणून,' असं खाली लिहिलं होतं आणि दात काढणारा चेहरा. पोरांनी शाळेच्या मागे चार दिवस चिखल तुडवला. तो फोनवरून किल्लेदारी करायचा: तट वाकडा आहे, तळं उजवीकडे घ्या, हळीव अजून उगवला का नाही. मावळ्यांवरून दोन गट पडले आणि प्रकरण माझ्यापर्यंत आलं. त्यानंतर निरोपांची आठवण करून द्यावी लागली नाही, निदान डिसेंबरपर्यंत.

परत येणार आहे. वर्गाने काय तयारी करावी?

स्वागताच्या कमानी नकोत. त्याच्या आईवडिलांनी एवढंच मागितलं होतं.

तयारी आहे ती संसर्गाची. प्रत्यारोपणानंतर लहानपणच्या लसींचं संरक्षण बहुतांशी पुसलं जातं. त्या पुन्हा घ्याव्या लागतात, आणि गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनीच देता येतात. म्हणजे तो वर्गात येतो तेव्हा त्याच्या बाजूने भिंत नसते, भिंत इतरांनी व्हायचं. वर्गातल्या मुलांच्या लसी पुऱ्या आहेत का ते आरोग्य तपासणीच्या पथकाकडून बघून घ्या. सर्दी-तापाच्या मुलाला घरी ठेवा, शंभर टक्के हजेरीचं बक्षीस त्या वर्षी बंद करा. आणि शेजारच्या वर्गात जरी कुणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तरी त्याच तासाला त्याच्या घरी फोन करा. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, गोवर चार दिवस आधीपासून, आणि संपर्कानंतरचं संरक्षक इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं. 'उद्या शाळेत आल्यावर सांगू' हे चालत नाही.

बाक खिडकीजवळचा. पाण्याची बाटली घरची. शाळेचं बांधकाम किंवा रंगकाम चालू असेल तर त्याला त्या दिवसांत बोलावू नका, धुळीतून बुरशी उडते.

त्याच्या तोंडावर आणि हातांवर केस आलेत. मुलं हसतील का?

सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाने तसं होतं. हिरड्याही सुजतात. औषध कमी झालं की जातं. आम्ही वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या दिवशी एक जण बोलून गेलाच, 'अरे, तुला आमच्या आधी मिशी!' मी दटावायला उठले, तोवर तो स्वतःच मास्क खाली करून सगळ्यांना दाखवत होता.

आठवीला वर्गशिक्षक बदलले तर?

बदलले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नव्या सरांना एक वही दिली: डॉक्टरांच्या सूचना, कुणाला कधी फोन करायचा, कोणती औषधं दुपारी दोनला घ्यायची, कवायत आणि ऊन किती चालतं, बहीण दहावी अ मध्ये आहे. शेवटच्या पानावर लिहिलं, दिनविशेष त्याच्याकडेच ठेवावा. आठवड्याने सरांनी सांगितलं की त्याने तो सोडलाय, त्याला कबड्डीचा निकाल वाचायचा आहे.